भर दुपारी दिसलेल्या उडत्या तबकड्या, ह्याचं काय करायचं?

उदगीरचा_बाळ्या
रात्री आकाशात काही लुकलुकलं की ते विमान, सॅटेलाइट नाहीतर शुक्र असतो हे मला मान्य आहे, त्यावर वाद नकोच. पण दिवसाढवळ्या, चांगलं ऊन असताना, एकट्यादुकट्याने नाही तर घोळक्याने बघितलेलं असतं त्याचं काय? अमेरिकन एअर फोर्सने १९४७ ते ६९ मधली प्रकरणं तपासली, ब्लू बुक म्हणून प्रोजेक्ट होतं, १२,६१८ रिपोर्ट आले त्यातले ७०१ शेवटपर्यंत सुटले नाहीत, आणि त्यात दिवसाची पण आहेत.

विचारायचं कारण घरचंच आहे. ८७-८८ साल असेल, होळीच्या आसपास आई आणि आत्या माळवदावर कुरडया घालत होत्या आणि डोक्यावर, जरा मावळतीच्या बाजूला, एक पांढरंफेक गोल दिसलं, ढग नाही काही नाही, हलत पण नव्हतं, बघता बघता अख्खी गल्ली माळवदावर, आजोबा म्हणाले शुक्र आहे, शेजारचे मास्तर म्हणाले स्कायलॅब (ते अमेरिकेचं अंतराळस्थानक पडून आठ-नऊ वर्षं झाली होती तरी). मी तेव्हा चार वर्षांचा, मला स्वतःला फक्त आत्याचा आरडाओरडा आठवतो कारण तेवढ्यात कावळ्यांनी कुरडया नेल्या.

तर दिवसाची जुनी गाजलेली प्रकरणं कोणाला नीट माहीत असतील तर सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, मागे भुताचं म्युझिक लावतात.

तिरसट_काका
सुरुवात केनेथ अर्नॉल्डपासून करा, सगळं तिथूनच आलंय. २४ जून १९४७, दुपारी तीनच्या सुमारास, वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ हा गडी स्वतःचं छोटं विमान घेऊन चालला होता, वाटेत एक हरवलेलं लष्करी विमान शोधत होता कारण त्यावर ५००० डॉलर बक्षीस होतं. त्याला नऊ चकाकणाऱ्या वस्तू रांगेने जाताना दिसल्या. आधी त्याला तो रानहंसांचा थवाच वाटला, पण माणूस हिशोबी, त्याने घड्याळ लावलं, रेनियर ते माउंट ॲडम्स हे अंतर त्यांनी १ मिनिट ४२ सेकंदात कापलं. वेग निघाला ताशी १७०० मैलांच्या आसपास, तो स्वतःच घाबरला बहुतेक, कमी करून १२०० सांगितला. आवाजापेक्षा जास्त वेगाने माणूस पहिल्यांदा उडाला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हे त्याच्या चार महिने आधी.

आता गंमत बघा. तो म्हणाला की पाण्यावर बशी भिरकावली की ती कशी टप्पे घेत जाते तशा त्या उडत होत्या. हे उडण्याचं वर्णन होतं. पेपरवाल्यांनी केलं फ्लाइंग सॉसर, आपल्याकडे त्याची झाली उडती तबकडी. त्याने नंतर काढून दिलेलं चित्र बघितलं तर पुढून गोल आणि मागे निमुळतं, बुटाच्या टाचेसारखं काहीतरी आहे. पण पेपरात सॉसर आलं आणि पुढच्या काही आठवड्यांत शेकडो लोकांना गोल बशाच दिसायला लागल्या!! आम्ही नदीवर चपटी खापरी मारून भाकऱ्या काढायचो, अर्नॉल्ड आमच्या गावचा असता तर आज सगळं जग उडत्या भाकऱ्या शोधत बसलं असतं.

वेगाचं म्हणाल तर सगळा डोलारा अंतरावर उभा आहे. त्याने धरलं वीस-पंचवीस मैल. ते खरं दोन मैल असेल तर वेग दहापट कमी होतो आणि मग पेलिकन पक्षी पण बसतात त्यात, तसं काही जण म्हणतातच.

उदगीरचा_बाळ्या
काका पण त्या वस्तू एका सुळक्याच्या मागून गेल्या असं तो म्हणाला होता ना, त्यावरूनच अंतर काढलं त्याने. मग पेलिकन कसे?

तिरसट_काका
म्हणाला होता, मान्य. पण चकाकणारी वस्तू वळली आणि चकाकणं थांबलं तरी ती मागे गेली असंच वाटतं. माणूस खोटं बोलत होता असं मी म्हणतच नाहीये. निळ्या आभाळात शेजारी मोजमापाला काही नसतं एवढंच. जमिनीवर आपण म्हैस किती लांब आहे ते सांगतो कारण म्हैस केवढी असते ते माहीत असतं. तिथे वरचं केवढं आहे तेच माहीत नाही, मग लांबी-रुंदी-वेग सगळं हवेत.

कॉकपिटची_स्वप्नं
अंतराचा विषय निघालाच आहे तर मँटेल. ह्याच्याबद्दल लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं. ७ जानेवारी १९४८, केंटकी, दुपारची वेळ, गॉडमन फील्डच्या टॉवरवरून सगळ्यांना वर एक पांढरं गोल दिसतंय, दुर्बिणीतून पण कळत नाहीये. कॅप्टन थॉमस मँटेल, वय २५, महायुद्धात नॉर्मंडीला जाऊन आलेला, आणखी काही मस्टँग विमानं बरोबर होती, त्यांना सांगितलं जरा बघून या. विमानात नीट ऑक्सिजनची सोय नव्हती. बाकीचे साडेबावीस हजार फुटांच्या आसपास मागे फिरले, मँटेल चढतच राहिला. एवढ्या उंचीवर ऑक्सिजन नसेल तर माणसाला आपण बेशुद्ध होतोय हे कळत पण नाही, उलट सगळं छान चाललंय असं वाटत राहतं. विमान फ्रँकलिन गावाजवळ पडलं.

एअर फोर्सने आधी काय सांगितलं, तर शुक्र! (बाळ्या, तुझे आजोबा एकटे नव्हते.) पण त्या दिवशी शुक्र दुपारच्या उजेडात ठळक दिसावा इतका तेजस्वी नव्हता. नंतर कळलं की नेव्हीचे स्कायहूक नावाचे बलून होते, प्लॅस्टिकचे, शंभर फूट रुंदीचे, आणि ते गुप्त होते, त्यामुळे मँटेलला काय, टॉवरवाल्यांना पण असं काही आकाशात असतं हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला वाटलं अजून थोडं वर गेलो की गाठतो, आणि ते बहुतेक अशा उंचीवर होतं की मस्टँग कितीही चढवलं तरी हाताला लागलं नसतं.

परग्रहवाले नसतील पण गुप्तता होतीच की. एक ओळ कळवली असती तर पोरगा मागे फिरला असता.

मेलबर्नची_मावशी
आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर वेस्टॉल आहे म्हणून लिहिते. ६ एप्रिल १९६६, सकाळी अकराच्या सुमारास, तिथल्या, क्लेटन साउथच्या शाळेतली मुलं मैदानात होती, दोनशेच्या वर मुलं आणि काही शिक्षक, राखाडी-चंदेरी काहीतरी येऊन पाइनच्या झाडांमागे उतरलं आणि परत वर गेलं, भोवती छोटी विमानं घिरट्या घालत होती असंही काही जण सांगतात. नंतर शाळेत सगळ्यांना जमवून गप्प बसायला सांगितलं असं ती मुलं, म्हणजे आता सत्तरीतले आजी-आजोबा, अजून सांगतात. त्या जागेवर आता बाग आहे आणि तिथे तबकडीच्या आकाराचं खेळणं बसवलंय, नातवाला घेऊन गेलो होतो, तो म्हणाला आजी ह्याची घसरगुंडी छोटी आहे.

इथेही बलूनचीच शंका आहे बरं का. त्या काळात मिल्ड्युरा गावाहून अणुचाचण्यांचे कण तपासायला मोठे बलून सोडायचे. पटण्यासारखं आहे, पण झाडामागे उतरून परत झपकन वर गेलं हे त्यात नीट बसत नाही. आणि हे आजी-आजोबा थापा मारणारे वाटत नाहीत.

पेन्शनर_पुणे
सगळ्याला बलून बलून काय लावलंय. दिल्लीचं घ्या. १५ मार्च १९५१, सकाळी १०:२०, फ्लाइंग क्लबचे २५ जण, त्यात विमानांचे इंजिनियर, रोज विमानंच बघणारी माणसं. सिगारच्या आकाराची धातूची वस्तू, मागे पांढरा धूर, वेग घेतल्यावर तो काळा झाला, मोठी गिरकी मारली, सात मिनिटं दिसलं. ब्लू बुकने हे न सुटलेल्यात टाकलंय. आणि माहिती अपुरी असेल तर त्यांच्याकडे वेगळा कप्पा होता, म्हणजे ७०१ मध्ये जे आहे ते माहिती असूनही सुटलेलं नाही.

तिरसट_काका
हे नाही सुटलेलं, बरोबर. मात्र धूर सोडत गिरकी मारणारं म्हटलं की मला तरी आधी जेट आठवतं. कोणाचं ते विचारू नका.

सोलापुरी_चादर
बाळ्या तुझ्या धाग्यात सगळे अमेरिका ऑस्ट्रेलिया फिरून आले, घरामागचं कोणी बघेना. टाटा इन्स्टिट्यूट, आपली मुंबईची टीआयएफआर, हिचं हैदराबादला बलून सोडायचं केंद्र आहे. पातळ पॉलिथिनचे अवाढव्य बलून, खाली वैज्ञानिक उपकरणं बांधलेली, ३०-४० किलोमीटर वर जातात. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत उड्डाणं असतात आणि विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर ह्या पट्ट्यात ते सरकतात, आधी जिल्ह्यांना कळवतात की पॅराशूटला लटकून डबा शेतात पडला तर उघडू नका, पोलिसांना सांगा. उदगीर त्याच पट्ट्याच्या जवळ येतं की रे.

हिशोब पण कर. शंभर मीटरचा बलून ३५ किलोमीटरवर म्हणजे चंद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा गोल दिसणार. वर वारा पडलेला असेल तर तासन्‌तास जागचा हलल्यासारखा वाटत नाही. तुमचं ते किती वेळ होतं आणि शेवटी गेलं कुठे, हे विचार आईला.

उदगीरचा_बाळ्या
विचारलं. फोनवर अर्धा तास गेला, त्यातली वीस मिनिटं कुरडयांवर. जेवणं होईपर्यंत होतं म्हणाली, मग हळूहळू मावळतीकडं गेलं, कधी दिसायचं थांबलं ते कळलं नाही. मी म्हटलं आई ते हैदराबादचं बलून असेल. तर म्हणाली, "येडं का काय, बलूनला दोरी असती."

आता आत्याला विचारतो. ती म्हणे तेव्हापासून कुरडयांवर जाळी टाकते, त्यामुळे तिला साल पण आठवत असेल.