४०७ पुढून क्लीनर साइडला बसलीय, खड्ड्यात टण् वाजते

ससून_डॉक_४०७:
वडिलांची टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, आता मी चालवतो. पहाटे ससून डॉकला मासळी भरायची, भायखळ्याला उतरवायची. दोन महिने झाले, गाडी पुढून क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, बसलीय, रिकामी असली तरी वाकडी दिसते. खड्ड्यात पुढून 'टण्' वाजतं आणि हळू वळवताना 'कटक्'. एका गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप बदलले, पैसे गेले, फरक शून्य. दुसरा म्हणतो किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ, काढू. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद आहे, तेवढ्यात काम उरकायचंय. आधी काय बघू?

फिटर_काका_परळ:
बाळा, गाडीचं वजन पाटे, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, पेलतात. शॉकअप फक्त उसळी आवरतो. बसलेली गाडी शॉकअप बदलून उठणार कशी? एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं पुढचे अ‍ॅक्सल उघडले, म्हणून सांगतो, आधी टेप घे, पाना नंतर.

सपाट जागेवर गाडी रिकामी उभी कर, हवा दोन्हीकडे सारखी. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत माप घे, चारही चाकांचं. कधीकधी मागचा पाटा बसलेला असतो आणि पुढचं उगाच बदनाम होतं. मग पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंनी मोज. तिथे फरक आला तर पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट कापला गेलाय, अ‍ॅक्सल सरकलाय.

किंग पिन न उघडताच कळते. चाक उचल, वर-खाली धरून हलव. हाललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हाललं तर किंग पिन. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नकोस रे, अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे घाल. डोळ्यांदेखत जॅक सरकलेला पाहिलाय मी.

वडाळा_पाटेवाला:
काकांचं बरोबर. मासळीच्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. डॉकवरचं खारं पाणी टायरने उडतं, पाट्यांच्या फटीत बसतं आणि आतून खातं. तारेच्या ब्रशने घासून सेंटर बोल्टजवळ बॅटरी मारून बघ. पाटा बहुतेक तिथेच तुटतो, कारण बोल्टसाठी भोक पाडल्यामुळे जागा कमजोर असते. वरून पाटे अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टने झाकलेलं, म्हणून पटकन दिसत नाही. यू बोल्ट ढिले असतील तर तुटणारच. तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नकोस, स्प्रिंग स्टीलला तशी आंच लागली की शेजारी पुन्हा तुटतो.

ससून_डॉक_४०७:
काका, दादा, आज दिवसभर गाडीखालीच होतो. मागची दोन्ही मापं सारखी. पुढे ड्रायव्हर साइड ४९.५ सेंटिमीटर, क्लीनर साइड ४६. हब ते हब फरक नाही. चाक उचलून हलवलं, ब्रेक न दाबताही जागच्या जागी, म्हणजे बेअरिंग आणि किंग पिन दोन्ही ठीक. यू बोल्टचे नट मात्र हाताच्या पान्याने सहज अर्धा फेरा फिरले! गेल्या वर्षी पाट्याचं काम झालं, नंतर कुणी पुन्हा आवळलेच नाहीत.

पाटे सोडल्यावर तिसरा पाटा भोकावरच दोन तुकडे. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग काळा-तांबडा गंजलेला, उरलेला नुसता चकचकीत. म्हणजे चीर जुनी होती, पूर्ण तुटला हल्लीच.

वडाळा_पाटेवाला:
तुझा 'टण्' तोच आणि वळताना 'कटक्' ढिल्या यू बोल्टचा. पाटा एकाच बाजूचा नवा टाकलास तर गाडी उलटी वाकडी होईल, दोन्हीकडचे जुळवून घे. यू बोल्ट, सेंटर बोल्ट नवे. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावरच शेवटचं आवळायचं. पहिल्या आठवड्यात भरलेल्या फेऱ्या झाल्या की पुन्हा आवळून घे.

ससून_डॉक_४०७:
काम झालं. ४९ आणि ४९.५. रिकाम्या गाडीने डॉकपासून भायखळ्यापर्यंत जाऊन आलो, एकही आवाज नाही. १ ऑगस्टला बोटी सुटतील, पहिल्या भरलेल्या फेऱ्यांनंतर पाना घेऊन बसतो.