मदत हवी आहे: डोमेनचं नाव ताजं आहे, तरी गावच्या घरी पोचता येत नाही

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात, आईबाबा कराडजवळ गावी. गोठ्यात एक कॅमेरा लावलाय, तो घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडलेला. पाय टीव्हीच्या शोकेसमध्ये, आईच्या ठेवणीतल्या कपबश्यांशेजारी. म्हशीचे दिवस भरत आलेत. बाबा रात्रीतून दोन-तीनदा बॅटरी घेऊन गोठ्यात जातात. मी इथून बघत राहिलो तर त्यांची एखादी खेप वाचते, म्हणून हा सगळा उद्योग.

गावी लाईट जाते, राउटर बंद पडतो, लाईट आली की नवा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. म्हणून डक डीएनएसवर (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) फुकटातलं नाव घेतलं. पायवर क्रॉन (ठरल्या वेळी काम करवणारा प्रोग्राम) दर ५ मिनिटांनी कर्लने डक डीएनएसला विनंती पाठवतो, आयपी बदलला असेल तर नावाला नवा जोडला जातो. फोनमधलं वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) त्याच नावावर जातं, राउटरवर त्याचा पोर्ट (यूडीपी ५१८२०, बाहेरून आत यायचं दार) पायकडे वळवलाय. दीड वर्ष मस्त चाललं.

गेल्या महिन्यात इंटरनेटवाल्याने घरातला राउटरचा डबा बदलला, आणि तेव्हापासून हँडशेकच (वायरगार्डची दोन्ही टोकांची पहिली ओळख) होत नाही. रविवारी गावी जाऊन लॉग बघितला, प्रत्येक ओळीला 'ओके'. पायवरून बाहेरचा आयपी तपासला तर १०३ ने सुरू होणारा. नावाला कुठला आयपी जोडलाय ते बघितलं तर तोच. नाव बरोबर, आयपी बरोबर, पोर्ट वळवलेला. मग अडतंय कुठे?

क्रॉनची ओळ खाली चिकटवतोय.
(संपादन: ओळ काढली. कारण पहिल्या प्रतिसादात.)

बिनतारी:
आधी ती ओळ काढा हो! त्यातलं तुमचं टोकन, म्हणजे डक डीएनएसची गुप्त किल्ली, अख्ख्या गावाला दिसतंय. ते हाती लागलं की कुणीही तुमचं नाव स्वतःच्या मशीनकडे वळवू शकतो. नुसतं खोडून भागणार नाही, नवं टोकन घ्या.
आता मुद्दा. राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) काय दिसतोय? तोही १०३ चाच आहे का?

गोठेवाला (धागाकर्ता):
ते बघितलंच नव्हतं. आत्ता बाबांना फोन लावला. चष्मा सापडेपर्यंत पाच मिनिटं, मग पासवर्डातलं मोठं एस की छोटं यावर आणखी पाच. शेवटी वाचून दाखवलं, "शंभर, टिंब, एकाहत्तर, टिंब..." म्हटलं, नीट बघा, एकशे तीन असेल. तर म्हणाले, "मला शंभर आणि एकशे तीन कळतात रे." दोनदा वाचून घेतलं. शंभरच आहे.

बिनतारी:
बाबांना नमस्कार सांगा, रोग त्यांनीच पकडला. तुम्ही सीजीनॅटच्या मागे गेला आहात, म्हणजे इंटरनेटवाल्याने अनेक घरांना एकच पब्लिक आयपी वाटून दिलाय.
१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले. आयपीव्ही४ चे, म्हणजे नेहमीचे आयपी पत्ते जेमतेम ४२९ कोटी. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. त्यामुळे इंटरनेटवाले एका पब्लिक पत्त्यामागे बरीच घरं बसवतात. चाळीचा पत्ता एकच, पण खोल्यांना नंबर नाहीत असं समजा. तुम्ही बाहेर पडलात तर वॉचमन लक्षात ठेवतो आणि उत्तर तुमच्या खोलीवर आणून देतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर त्याला कुणाकडे सोडायचं हे वॉचमनला ठाऊक नाही.
तुमची स्क्रिप्ट खोटं बोलत नाहीये. आयपीची जागा रिकामी सोडून विनंती पाठवली, की ती ज्या पत्त्यावरून आली तोच डक डीएनएस लिहून घेतो. तो चाळीचा पत्ता आहे, तुमच्या खोलीचा नाही. राउटरवर पोर्ट वळवून उपयोग नाही, कारण डेटाचं पाकीट राउटरपर्यंत येतच नाही.

जुनामोडेम:
सरळ स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या आणि सुटा.

बिनतारी:
स्टॅटिकला दरमहा पैसे कशाला? बदलता पण पब्लिक आयपी मागा. बदलेना का, नाव ताजं ठेवायला स्क्रिप्ट आहेच की. नाहीच दिला तर टेलस्केल नावाचं व्हीपीएन टाका. त्यात पाय स्वतःच बाहेर पडून जोडणी करतो, पोर्ट उघडावा लागत नाही.

सहाव्याआवृत्तीचाभक्त:
आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, खूप मोठी पद्धत) मिळतंय का तेही विचारा. मिळत असेल तर पायला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो, क्वाड-ए रेकॉर्ड (नावाला आयपीव्ही६ पत्ता जोडणारी नोंद) केलं की झालं. फक्त डक डीएनएस आयपीव्ही६ आपोआप ओळखत नाही, स्क्रिप्टमधून पत्ता द्यावा लागतो. राउटरच्या फायरवॉलमध्येही वाट करून द्यावी लागेल.

जुनामोडेम:
एवढा व्हीपीएनचा घोळ कशाला? पब्लिक आयपी मिळाला की कॅमेऱ्याचाच पोर्ट उघडा.

बिनतारी:
कृपया नको. उघडे कॅमेरे हुडकणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. गोठा बघायचाय, दाखवायचा नाहीये.

गोठेवाला:
अपडेट. इंटरनेटवाल्याकडे दोन फोन "राउटर बंद करून चालू करा" यातच गेले. तिसऱ्यांदा लाईनवर काम करणाऱ्या पोराशी बोललो, म्हटलं "सीजीनॅटमधून काढ". तो म्हणाला, "असं आधी सांगायचं ना!" तासाभरात राउटरवर आणि बाहेर एकच आयपी दिसायला लागला. पहिल्या झटक्यात हँडशेक! आयपीव्ही६ अजून त्यांच्याकडे नाही.
पण काल संध्याकाळी लाईट गेली, आली, आयपी बदलला. पाच मिनिटांत नावही बदललं, लॅपटॉपवर तपासलं. तरी फोन अर्धा तास जुन्याच आयपीवर धडका मारत होता. डीएनएसची कॅश, म्हणजे फोनने जुना पत्ता लक्षात ठेवलाय का?

बिनतारी:
नाही. डक डीएनएसचा टीटीएल (पत्ता लक्षात ठेवायची मुदत) ६० सेकंदांचा आहे, तो अर्धा तास अडवणार नाही. हा वायरगार्डचा स्वभाव. टनेल चालू करताना तो नाव एकदाच विचारतो, नंतर आयपीच धरून बसतो. फोनवर टनेल बंद करून पुन्हा चालू करा. लिनक्स असेल तर वायरगार्डच्या टूल्ससोबत नाव पुन्हा विचारणारी छोटी स्क्रिप्ट येते, ती टायमरवर लावा.

गोठेवाला:
बंद-चालू केलं, लगेच लागलं. पहाटे साडेतीनला म्हैस उभी-बशी करताना दिसली, बाबांना फोन केला. ते गोठ्यातूनच बोलत होते, आधीच पोचले होते. पारडी झाली. दोघीही बऱ्या आहेत.

बिनतारी:
अभिनंदन! टोकन बदललं का?

गोठेवाला:
आत्ता बदलतो.