मास कॉमवाली आता इतिहास लिहिते म्हणे

मोठे काकाजी: मिनू बेटा, तुह्या बाबानं सांगतलं का तू आपल्या गावच्या, मोवाडच्या पुरावर पुस्तक लिवून रायली. चांगलं हाये. पण तू शिकली मास कॉम, नोकरी जाहिरातीच्या कंपनीत, अन् इतिहास तर इतिहासवाल्याईचं काम. उद्या कोणी म्हनन हिले काय समजते

मिनू: काकाजी एका माणसाचं सांगते मग ठरवा. डेव्हिड मॅकलॉ, अमेरिकेचा नावाजलेला इतिहास लिहिणारा, 2022 ला गेला 89 व्या वर्षी. कॉलेजात इंग्रजी साहित्य, इतिहासाची डिग्री नाहीच. पहिली नोकरी खेळाच्या मासिकात, मग केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले तसा सरकारच्या माहिती खात्यात, म्हणजे आपल्याकडे लोकराज्य काढतात ना त्या जातीचं काम पण बाहेरच्या देशांसाठी. मग एका मासिकात संपादनाचं काम. पक्का माझ्यासारखा मजकूरवाला. आणि पहिलं पुस्तक कशावर, तर पुरावर!

बंटी: कोणता पूर गं

मिनू: तिकडच्याच जॉन्सटाउन गावाचा, 31 मे 1889. वर डोंगरात मातीचं जुनं धरण होतं ते पिट्सबर्गच्या पैशेवाल्यांच्या क्लबनं मासे धरायला घेतलं, पोलादवाला कार्नेगी पण मेंबर. पाणी सोडायचे पाईप आधीच कोणी काढून नेलेले ते यांनी पुन्हा बसवलेच नाही, सांडव्याला जाळ्या ठोकल्या का मासे वाहून जाऊ नये, आणि वरून बग्गी जावी म्हणून धरणाचा माथा छाटला. पाऊस झाला, फुटलं, 2209 माणसं गेली. मॅकलॉ पिट्सबर्गचाच पोरगा, नाव लहानपणापासून ऐकलेलं पण नेमकं झालं काय ते ठाऊक नाही. वॉशिंग्टनच्या लायब्ररीत फोटो पाहिले अन् अडकला. आधीची पुस्तकं पटली नाही म्हणून रात्री, सुट्टीच्या दिवशी, नोकरी सांभाळून तीन वर्षं लिहिलं. 1968 ला आलं. चाललं, मग नोकरी सोडली

शालूमावशी: शेवटचं वाक्य वाचलं मी 🙄

मिनू: मावशी आधी तीन वर्षं सांभाळली ते पण वाचा ना

बंडूमामा: मास्तरकी केली म्हणून बोलतो. डिग्रीचं सोडा, आपले बुलढाण्याचे या. मा. काळे वकील होते, तरी वऱ्हाडचा इतिहास त्यांनीच लिहिला. माही शंका वेगळी. हे मासिकवाले लोक गोष्ट रंगवतात. पेपरात फोटोखाली दोन ओळी अश्या लिवतात का वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलंच पाह्यजे. पुरावर तसं लिवशीन तर मी वाचणार नाही

मिनू: मामाजी हे खरं आहे. त्याच्यावरही टीका झालीच, जुन्या राष्ट्राध्यक्षावर, जॉन अ‍ॅडम्सवर लिहिलं त्यात कौतुकच जास्त म्हणून. पुलित्झर, म्हणजे तिकडचा मोठा पुरस्कार, दोनदा मिळाला तरी. पण एक गोष्ट मला आवडते, पुराचं पुस्तक चाललं तसे प्रकाशक म्हणाले आता शिकागोची आग घ्या, सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप घ्या. हा नाही म्हणाला, आपल्यावर वाईट बातमीवाला असा शिक्का नको. त्यानं ब्रुकलिनचा पूल घेतला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमनच्या चरित्राला तर दहा वर्षं लावली, सगळं 1965 ला घेतलेल्या सेकंडहँड टाइपरायटरवर. आणि लिहिलेलं बायको मोठ्यानं वाचून दाखवायची, कानाला खटकलं का बदल

बंटी: तुह्याले कोण वाचून दाखवन, मावशी? 😂

मोठे काकाजी: थे सगळं ठीक. पण त्याच्या पुरातले लोक त्याले ओळखीचे नोते. आपल्या इथं 30 जुलै 1991 ले 204 गेले, त्यातले किती तरी मले नावानिशी ठाव होते, सोबत संत्रा भरलेला हाये. नव्या वस्तीत आलो तवापासून ज्याच्या घरचं गेलं त्याच्या घरी आम्ही थो विषय काढत नाही. तू काढशीन कसा

मिनू: (बराच वेळ टायपिंग दिसत होतं) माहीत नाही काकाजी. तो लिहायला बसला तेव्हा पुराला 70 च्या वर वर्षं झाली होती, तरी वाचलेले काही म्हातारे भेटले त्याला, त्यांच्याजवळ बसला. आपल्याला त्याच्या निम्मी पण नाही झाली. मी विचारणार नाही आधी, कागदापासून सुरू करते. घरी काही आहे का

बाबा: आबाजीच्या दुकानाची उधारीची वही हाये. लोखंडी पेटीत होती म्हणून रायली. खालची अर्धी पानं गाळानं एकमेकाले चिकटलेली, वर शाई पसरून निळी झाली, तरी नावं लागतात. शेवटची नोंद साखर एक किलो, तेल पाव. नाव इथं लिवत नाही, थो माणूस त्याच पुरात गेला

बंडूमामा: चिकटलेली पानं ओढू नका बरं, फाटतीन. अन् उन्हात तर अजिबातच ठेवू नका

मिनू: बाबा पेटी उघडू नका, मी रविवारी सकाळच्या गाडीनं येते

मोठे काकाजी: ये. मी बी येतो. कोणाच्या दारात जाचं अन् कोणाच्या नाही थे मी सांगतो, तू मनानं जाऊ नको

बाबा: आईले वाचून दाखवलं सगळं. थे विचारून रायली का पोरगी वही घेऊन उधारी वसूल कराले जाते काय आता