कालपट्टीतले दोन चौकोन रिकामे आहेत, काय घालू?

निळावंती:
शाळेतल्या भिंतीसाठी अंतराळ प्रवासाची कालपट्टी करतेय. दहा चौकोन आहेत. आठ भरले: स्पुटनिक १ (१९५७), लूना ३ (१९५९), गागारिन (१९६१), तेरेश्कोवा (१९६३), लिओनोव्हचा स्पेसवॉक (१९६५), अपोलो ११ (१९६९), व्हॉयेजर (१९७७), हबल (१९९०). उरलेल्या दोनांत कुठेही सहज सापडणारं नकोय. पण ते वगळलं तर पुढचं घडलंच नसतं, असं काहीतरी सुचवा.

धूमकेतू:
एक चौकोन डोळे झाकून जेमिनी ८ ला द्या, नासाचं दोन अंतराळवीरांचं यान. १६ मार्च १९६६.

चंद्रावर जायचं ठरलं तेव्हा खरं भांडण होतं ते कसं जायचं यावर. अख्खं यान खाली उतरवून तेच परत उडवायचं, तर रॉकेट अवाढव्य लागणार. नासातला जॉन हूबोल्ट हा अभियंता हात धुऊन मागे लागला होता: मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवा, हलकं वाहन खाली पाठवा, परतताना दोघांची वरच गाठ घाला. १९६२ मध्ये नासाने ते मानलं. आणि कक्षेत दोन यानं जोडण्याचं काम तोवर कुणी केलेलंच नव्हतं! सगळा बेत त्यावर उभा.

जून १९६५ मध्ये जेमिनी ४ च्या मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याच्याकडे तोंड करून थ्रस्टर (यान ढकलणारी छोटी इंजिनं) चालवले, तर अंतर वाढतच गेलं. इंधन संपत चाललं, नाद सोडावा लागला. डिसेंबरात जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ एकमेकांपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर आली, पण जोडली नाहीत. जोडणी केली जेमिनी ८ मधल्या नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉटने, अजीना नावाच्या मानवरहित यानाशी. अर्ध्या तासाच्या आत जोडगोळी गरगरायला लागली. अजीनाचा दोष समजून ते सुटे झाले, तर फिरणं आणखी वाढलं, सेकंदाला एक फेरा. जेमिनीचाच एक थ्रस्टर अडकून चालू राहिला होता. आर्मस्ट्राँगने परतीसाठी राखलेले थ्रस्टर वापरून यान सावरलं आणि नियमाप्रमाणे मोहीम तिथेच आवरली. लोक त्याला चंद्रावरच्या पावलासाठी ओळखतात, मी या काही मिनिटांसाठी.

निळावंती:
पण पुढच्या यानाकडे तोंड करून जोर लावला तर अंतर वाढतं कसं? मुलं हेच विचारणार.

धूमकेतू:
कक्षेत वेग वाढवला की यान वर जातं. वरची फेरी लांब, शिवाय तिथला वेगही कमी. ४०० किमी उंचीवर एका फेरीला सुमारे ९२ मिनिटं लागतात, जीपीएस उपग्रहांना २०,२०० किमीवर जवळपास बारा तास. म्हणजे पुढच्याला गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं, आतल्या छोट्या फेरीने अंतर कापायचं, मग वर यायचं. अवांतर: अपोलो ११ मधल्या ऑल्ड्रिनने १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून डॉक्टरेट केली ती याच विषयावर.

खडूस_वाचक:
जेमिनीशी सहमत. पण ही यादी प्रवासाची ना? मग हबलला काढा, ती दुर्बीण आहे. आणि गागारिनला यानात बसून जमिनीवर उतरताना दाखवू नका. साधारण ७ किमी उंचीवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने उतरला. सोव्हिएत लोकांनी हे बरीच वर्षं दडवलं.

दुसरा चौकोन व्हेनेरा ७ या सोव्हिएत मानवरहित यानाला. १५ डिसेंबर १९७०, शुक्र ग्रह. पॅराशूटने दगा दिला, यान आपटलं, संदेश थांबला असंच वाटलं. नंतर टेप पुन्हा तपासल्यावर गोंगाटात २३ मिनिटांचा क्षीण संदेश सापडला. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून आलेली पहिली माहिती, तीही सुमारे ४७५ अंश सेल्सिअस तापमानातून.

निळावंती:
हबल राहणार, मुलांनी निवडलंय. व्हेनेरा ७ पक्कं. त्याने काढलेला फोटो कुठे मिळेल?

खडूस_वाचक:
मिळणार नाही, त्यावर कॅमेराच नव्हता. शुक्राच्या जमिनीचा पहिला फोटो व्हेनेरा ९ चा. तो लावलात तर खाली १९७५ लिहा.