मोडी कागदांचे फोटो साफ करायचेत, क्रियांचा क्रम सुचवा

बोरूबहाद्दर
घरच्या दप्तरातली १४० पानं मोबाईलवर टिपली आहेत. कागद पिवळा, एका कोपऱ्यात सावली, मागची अक्षरं पुढे दिसतात. पायथन-ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी कोड-लायब्ररी) येतं. लॅपटॉप ४ जीबीचा, खर्च शून्य. सध्या चित्र राखाडी, मग ओत्सू (आपोआप काळं-पांढरं करणं), मग ३×३ ओपनिंग (बारीक ठिपके पुसणं). सावलीचा कोपरा पूर्ण काळा होतो आणि अक्षरांच्या गाठी बुजतात. चुकतंय कुठे?

कोकमसार
फ्लॅटबेड स्कॅनर घ्या. आमचा ६०० डीपीआयचा आहे, सावलीची कटकटच नाही.

खटपट्या
खर्च शून्य लिहिलंय हो त्यांनी.
ओत्सू अख्ख्या चित्राला एकच उंबरठा (काळं कुठलं, पांढरं कुठलं ती मर्यादा) लावतो. सावलीतला कागद उजेडातल्या शाईइतका गडद, म्हणून कोपरा काळा. आधी पार्श्वभूमी काढा: राखाडीवर क्लोजिंग (इथे गडद रेषा पुसते), कर्नल (क्रियेची चौकट) रेषेच्या जाडीपेक्षा बराच मोठा (रेषा ६ पिक्सेल तर २५), त्यावर २१चा मीडियन (शेजारच्या पिक्सेलांची मधली किंमत). मूळ चित्राला याने भागा, स्केल २५५. उंबरठा त्यानंतर.

पिक्सेलपंत
+१. भागाकारच, वजाबाकी नको. सावली गुणाकाराने येते. आणि नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) साधं वजा चिन्ह टाकलंत तर ८ बिटांत (फक्त ० ते २५५) ५ − १० = २५१. काळ्याच्या जागी पांढरे ठिपके, आणि माणूस दोष कॅमेऱ्याला देतो.

काजळी
गाठी बुजतात कारण ओपनसीव्ही पांढऱ्याला वस्तू समजतं. काळ्या अक्षरांवर ओपनिंग म्हणजे उलटं क्लोजिंग. आधी चित्राचं काळं-पांढरं उलटवा.
राखाडीऐवजी लाल चॅनल (रंगीत फोटोतला फक्त लाल रंगाचा थर) घ्या. पिवळे डाग फिके पडतात, काजळीची शाई काळीच राहते. ओपनसीव्हीत क्रम निळा-हिरवा-लाल, म्हणजे लाल २ नंबरला. ० घेतलात तर डाग आणखी गडद.

पिक्सेलपंत
शाई तपकिरी असेल तर लालमध्ये तीही फिकी पडेल. सरसकट सांगू नका.

काजळी
मोडी कागद आहेत, साहेब.

खटपट्या
शेवटी २० पिक्सेलखालचे सुटे ठिपके उडवा.

पिक्सेलपंत
अनुस्वारासकट? आधी एका अनुस्वाराचे पिक्सेल मोजा, मर्यादा त्याच्या निम्म्याहून कमी ठेवा. मोठे घटक (एकमेकांना चिकटलेल्या पिक्सेलांचे पुंजके) मात्र 'डाग' म्हणून उडवू नका. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून अक्षरं तिला लटकवतात, त्यामुळे अख्खी ओळ एकच घटक मोजली जाते.

कोकमसार
अवांतर: स्कॅनर असता तर एवढं करावंच लागलं नसतं.

काजळी
मागची अक्षरं कोडने पूर्ण जात नाहीत. पानामागे काळा कागद ठेवून फोटो परत काढा. आणि मधल्या पायऱ्या पीएनजीत साठवा. जेपीजीचे ८×८ चौकोन भागाकारानंतर उठून दिसतात.

बोरूबहाद्दर
सर्वांचे आभार. लाल चॅनल आणि भागाकार लावला, कोपरा साफ निघाला. उंबरठा, ठिपके वगैरे सगळं काढून टाकलं. पुसट रेघ राखाडीत निदान दिसते तरी, काळ्या-पांढऱ्यात एकतर तुटते नाहीतर फुगते. मागची अक्षरंही तशीच राहू दे, १४० पानं पुन्हा टिपणार नाही.

काजळी
मग धागा कशाला काढलात?

कोकमसार
स्कॅनरचं मॉडेल हवं असेल तर सांगा.