पिकअपचा व्हॅक्यूम पंप बदलू की काढूनच टाकू?

डिझेल पिकअप आहे, भाजीचा माल घेऊन आठवड्यातून तीनदा खंबाटकी उतरतो. अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप ऑइल गळतोय, खालचा बेल्ट पण तेलकट झालाय आणि सकाळी ब्रेक दगडासारखा लागतो. मेकॅनिक म्हणतो पंप काढ, ऑइलची लाइन बंद कर, ब्रेक तसाही लागतो, पैसे वाचतील. काय करू?

टेम्पोवाला: काढू नको रे बाबा! पेट्रोल गाडीला मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीतून व्हॅक्यूम मिळतो, डिझेलला तसा मिळत नाही म्हणून तर पंप दिलाय. काढला तर बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालून ब्रेक दाबायला पायाला मदत करणारा डबा, मेला, ब्रेक लागेल पण सगळा जोर पायाचा, आणि मागे दीड टन टोमॅटो असल्यावर उतारावर दोन्ही पाय देऊन उभा राहशील.

घाटकरी: आधी हे बघ. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मार, कडक झालं की पाय दाबून ठेव आणि स्टार्ट कर. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय, नाही गेलं तर पंपाच्या आधी पाइप आणि त्यातला वन-वे व्हॉल्व बघ. माझा नुसता पाइप चिरला होता, मी उगाच पंप बदलून बसलो.

मूळ प्रश्नवाला: केलं, पेडल हललंच नाही. पाइप काढला तर आतून तेल.

टेम्पोवाला: मग पंप घेच, आणि बूस्टरमध्ये तेल गेलंय का बघ, रबर फुगतं त्यानं. तो मेकॅनिक स्वतः घाटात गाडी नेतो का विचार एकदा.