'प्लेबियन' म्हणजे सामान्यजन का?

प्रश्न : प्राचीन रोमवरील एका लेखाचे भाषांतर करताना मी 'प्लेबियन' या शब्दासाठी सर्वत्र 'सामान्यजन' असे लिहीत आलो, परंतु पुढे त्याच लेखात, ज्याची श्रीमंती दंतकथेसारखी सांगितली जाते तो क्रॅससही प्लेबियन होता, असे वाक्य आले. हे कसे जुळवावे?

उत्तर : लेख बरोबर आहे, प्रतिशब्द चुकला आहे. लॅटिनमधील 'प्लेब्स' हे मराठीतील 'प्रजा'सारखे समूहवाचक एकवचन असून, पॅट्रिशियन, म्हणजे कुलीन, म्हणून मान्यता असलेली मोजकी घराणी वगळता उरलेले सगळे रोमन नागरिक त्यात येत. भेद कुळाचा होता, पैशाचा नव्हता. क्रॅससचे लिसिनियस घराणे प्लेबियन, प्रसिद्ध वक्ता सिसेरोही प्लेबियनच. उलट पॅट्रिशियन कुळातला सेनापती सुल्ला तरुणपणी भाड्याच्या जागेत राहत असे. खालच्या मजल्याचे तो ३,००० सेस्टर्स (रोमन नाणी) भरी आणि गुलामगिरीतून मुक्त झालेला एक माणूस वरच्या मजल्याचे २,००० भरी, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

मात्र कुळाचा भेद म्हटला की आपल्याला लगेच जात आठवते, ते टाळावे. या दोहोंतील विवाहांवरची बंदी इ.स.पू. ४४५ मध्येच उठली होती आणि इ.स.पू. ५९ मध्ये क्लोडियस नावाचा पॅट्रिशियन, केवळ प्लेबियनांसाठी राखीव असलेले ट्रिब्यूनचे, म्हणजे प्लेब्सच्या प्रतिनिधीचे, पद मिळावे म्हणून, स्वतःपेक्षा वयाने लहान असलेल्या प्लेबियनाला चक्क दत्तक गेला! तेव्हा 'प्लेबियन' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी 'कुलीनेतर नागरिक' असा खुलासा करावा.

प्रश्न : मग गरीब नागरिकांसाठी 'सर्वहारा' चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही. मूळ शब्द 'प्रोलेटारी' असून तो 'प्रोलेस', म्हणजे संतती, यावरून आला आहे. ज्यांच्यापाशी राज्याला देण्यासारखे मुलाबाळांखेरीज काही नाही, ते प्रोलेटारी. मालमत्तेच्या नोंदीत लिहिण्याजोगे काही नसल्याने त्यांचे केवळ डोके मोजले जाई, म्हणून त्यांना 'कापिते केन्सी' असेही म्हणत. आपला 'शिरगणती' हा शब्द येथे किती चपखल बसतो पाहा. 'सर्वहारा' मात्र मार्क्सवादी लेखनातून रुळला असल्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे गिरणीतला मजूर उभा राहतो. त्यापेक्षा 'निर्धन नागरिक' म्हणावे. यातील 'नागरिक' गाळू नये, कारण गुलाम या गणतीत नव्हते.

जाता जाता, लेखात 'प्लेबिसिटम' आले असेल तर सवयीने 'सार्वमत' लिहू नका. तो केवळ प्लेब्सच्या सभेचा ठराव असे, पॅट्रिशियनांना तेथे मत नव्हते. आणि तरीही इ.स.पू. २८७ च्या हॉर्टेन्शियस कायद्यानंतर तो त्यांनाही बंधनकारक झाला.